वाकलेले अलॉय व्हील आणि वेल्डिंगचा धोका

संपादक महोदय,

खड्ड्यांनी अलॉय व्हील वाकतात, त्यात स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएससारख्या गाड्या आधी सापडतात. तिच्या 225/40 आर 18 टायरची (रुंदी 225 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 40 टक्के, रिम 18 इंची) भिंत जेमतेम 90 मिलिमीटर. धक्का थेट रिमच्या काठावर, बहुतेकदा आतल्या. बाहेरून चाक ठणठणीत दिसते. म्हणून टायर काढून, रिम फिरवत डायल गेजने (काट्याच्या मापकाने) बाक मोजायलाच हवा. काठाचा किरकोळ बाक सरळ होतो. पण स्पोकला (चाकाच्या आऱ्याला) किंवा बोल्टच्या भोकांजवळ तडा असेल तर वेल्डिंग नकोच! त्या उष्णतेने मिश्रधातू नरम पडतो आणि वेल्डशेजारी पुन्हा तडकतो. ऑक्टाव्हियाच्या बदली रिमचे पीसीडी 5×112 (112 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर बोल्टची पाच भोके), मधले भोक 57.1 मिलिमीटर, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून बोल्ट बसतात त्या पृष्ठभागाचे अंतर) आणि भारक्षमता जुळवा. बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) 120 न्यूटन-मीटरला आवळा. रंगाखाली वेल्ड लपते. जुने रिम घेताना आतला रंग खरवडून दाखवायला सांगाच.

– एक वाचक, पुणे