ती चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझ्या पुतणीच्या झेडपी शाळेत आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, पोरं तपासणारी गाडी आली होती (ही योजना २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच सुरू झाली हे किती जणांना माहितीये), डॉक्टरबाईंनी छातीला नळी लावली, दोनदा ऐकलं आणि चिठ्ठीवर 'मर्मर, २डी इको' लिहून दिलं, म्हणजे ठोक्यांत जादा आवाज येतोय, हृदयाची सोनोग्राफी करा. ती चिठ्ठी आमच्या घरी आठ महिने लाइटबिलांखाली पडून होती, खरं सांगतो. पोरगी तर उड्या मारत होती, फक्त सर्दी-खोकला सारखा आणि वजन काही वाढेना. ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले हृदयात छिद्र असलं तरी मोठी झाली की बुजेल. आणि आमच्या आईचं एकच, पोरीची जात, छाती फाडली तर वण राहील, लग्नाचं काय?

शेवटी इको केला तर वरच्या दोन कप्प्यांच्या पडद्याला १४ मिमीचं छिद्र, एएसडी. खालच्या कप्प्यांमधली बारीक छिद्रं बरेचदा आपोआप बुजतात पण एवढं मोठं एएसडी आठव्या वर्षी बुजत नाही, आणि तोवर उजवी बाजू जादा रक्त वाहून फुगत जाते, लक्षणं मात्र कधी कधी तिशी-चाळिशीत दिसतात.

छाती फाडलीच नाही हो! जांघेतल्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयात, तिच्यातून निकेल-टायटॅनियमच्या तारेची जाळी, आत गेली की आपोआप उघडते, पडद्याच्या अलीकडे एक चकती पलीकडे एक, ब्लाउजच्या टिचबटणासारखी. डॉक्टरांनी हातात दिली तेव्हा वजनच लागेना. तिसऱ्या दिवशी घरी. सहा महिने अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी, तोवर जाळीवर आतलंच अस्तर चढतं. आई अजून चष्मा लावून वण शोधते, सापडत नाही.

प्रत्येकालाच हे चालतं असं नाही, छिद्राला कडा हव्यात जाळी धरायला, काही प्रकारांना ऑपरेशनच लागतं. पण ते ठरणार इकोवर, आमच्यासारखं ओट्यावर बसून नाही.

एक विनंती, शाळातपासणीची गाडी कुठल्या गावात कधी येणार ते तालुका पानावर छापाल का? आमच्याकडे त्या दिवशी निम्मी पोरं ऊसतोडीला गेली होती.

एक वाचक, कराड