एमुना म्हणजे नुसतं मानणं नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

परवा रविवारच्या उपासनेत परत तेच ऐकलं की यहुद्यांकडे फक्त नियमशास्त्र (मोशेच्या आज्ञा) होतं आणि विश्वास आपण ख्रिस्ती लोकांनी आणला. संडे स्कूलपासून हे ऐकत आलोय, पण आता राहवत नाही म्हणून लिहितोय, कारण हे चूक आहे आणि यहुदी लोकांवर अन्याय करणारं आहे.

'नीतिमान विश्वासाने जगेल' हे पौलाने, म्हणजे येशूच्या प्रेषिताने, रोमकरांना लिहिलं, गलतीकरांना लिहिलं, इब्री लोकांस पत्रातही १०व्या अध्यायात ते येतं. पण ते वचन मुळात यहुद्यांच्या शास्त्रातल्या, म्हणजे आपल्या जुन्या करारातल्या, हबक्कूक संदेष्ट्याचं, अध्याय २ वचन ४. बाबेलचं सैन्य येणार, हा माणूस देवाला विचारतोय की किती दिवस ओरडू, तू ऐकत का नाहीस, आणि उत्तर येतं की उशीर लागला तरी वाट बघ. तिथला हिब्रू शब्द आहे 'एमुना', म्हणजे टिकून राहणं, न ढळणं. निर्गमच्या १७व्या अध्यायात अमालेकशी लढाई चाललेली असते, मोशेचे हात जड होतात, मग अहरोन आणि हूर त्याला धोंड्यावर बसवतात आणि दोन्हीकडून हात धरून ठेवतात, सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात, आणि त्या 'स्थिर'ला हिब्रूत हाच शब्द आहे! हे कळलं त्या दिवशी मी तो अध्याय तीनदा वाचला. आपण प्रार्थनेनंतर आमेन म्हणतो तेही याच धातूचं.

इब्री ११ मधली विश्वासवीरांची यादी बघा, हाबेल, अब्राहाम, सारा, मोशे, राहाब, सगळे जुन्या करारातले. ३५व्या वचनात छळ सोसूनही सुटका न घेणारे लोक येतात, तो बहुतेक अभ्यासकांच्या मते मक्काबी काळातल्या (ख्रिस्तापूर्वी दुसरं शतक) यहुदी आई आणि तिच्या सात मुलांचा उल्लेख आहे. अंतियोखस राजाने डुकराचं मांस खायची सक्ती केली, त्यांनी जीव दिला पण खाल्लं नाही, म्हणजे नियमशास्त्र पाळणं हाच त्यांचा विश्वास होता. ही गोष्ट मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, कॅथलिक बायबलमध्ये मिळते, आमच्या प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही, म्हणून आमच्याकडे फारशी कुणाला माहीत नसते.

पौलाने हबक्कूकच्या त्या वचनाला येशूशी जोडलं, नियमशास्त्राबद्दल वेगळी भूमिका घेतली, हे मी नाकारत नाही, माझाही विश्वास तोच आहे. पण मृत समुद्राजवळ १९४७ च्या सुमारास सापडलेल्या गुंडाळ्यांमध्ये हबक्कूकवरचं भाष्य आहे, त्यात हेच वचन नियमशास्त्र पाळणाऱ्या आणि आपल्या गुरूवर विश्वास ठेवणाऱ्या लोकांना लावलंय. ताल्मूदमध्ये, म्हणजे यहुदी गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, तर नियमशास्त्रातल्या ६१३ आज्ञांचं सार शेवटी याच एका वचनात आणून ठेवलंय. मग यहुद्यांना विश्वास माहीत नव्हता असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

आणि आपल्याला लांब जायची गरजही नाही. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे यहुदी, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. बाहेरच्या यहुद्यांशी संबंध तुटलेला, तरी शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस) सोडला नाही आणि 'शमा' ही देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना जपली, असं त्यांच्यात सांगतात.

माझी एक विनंती आहे, यंदाच्या नाताळ पुरवणीत एक पान या समाजाच्या माणसाकडून लिहून घ्या, त्यांच्या प्रार्थनेत एमुना कशी येते ते त्यांच्याच शब्दांत. आमच्या पाळकांना ते पान मी स्वतः नेऊन देईन.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर