फेणीचा रस कसा आंबवला, तेही बाटलीवर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमची काजू फेणी गाळायची भट्टी आजोबांच्या वेळेपासून आहे. यंदा मे महिन्यात एक घाऊक खरेदीदार आला, दोन ड्रमांतली फेणी चाखली आणि म्हणाला, "दोन्हींची चव वेगळी. पाकिटातलं यीस्ट घाला, काम लवकर होईल आणि चव एकसारखी येईल." मी नाही म्हटलं. तो माल न घेताच गेला.

यंत्राला माझा विरोध नाही. पूर्वी आम्ही कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, उतरून बोंडू (काजूची फळं) पायांनी तुडवायचो. आता तुडवायला माणूस मिळत नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी मुलाने यंत्र आणलं. साल फार चिरडली तर रस तुरट होतो, तेवढं सांभाळावं लागतं. आंबलेला रस उकळायचं मातीचं भाण (भांडं) जाऊन तांब्याचं आलं तेही वडिलांच्या काळात, आणि ते बरंच झालं.

आंबवण्याचं मात्र तसं नाही. झाडावर पिकून आपोआप गळलेला बोंडूच आम्ही वेचतो. त्याचा रस वरून काहीही न घालता तीनेक दिवसांत आंबतो. पहिल्या रात्री भांड्याला कान लावला की बारीक चुरचुर ऐकू येते. दुसऱ्या दिवशी फेस काठाला येतो. तो खाली बसला, की मगच भट्टी पेटवायची. पहिल्या गाळपाचा उराक, आणि तो आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी. मार्चची हवा वेगळी, मेची वेगळी; मग दोन्ही ड्रम सारखे लागतील कसे? मला तर चाखूनच महिना कळतो.

काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारने तिला वारसा पेयाचा मान दिला. आम्हाला आनंदच झाला. पण हा वारसा माझ्या मते त्या तीन दिवसांत आहे, आणि बाटलीवर त्याचा शब्दही नसतो. मद्याचं प्रमाण छापतात, तसंच रस आपोआप आंबला की यीस्ट घालून, हेही छापायला लावा. ज्याला यीस्ट घालायचं त्याने खुशाल घालावं. पण दोन्ही बाटल्या एकाच नावाने, एकाच भावाने विकल्या गेल्या तर तीन दिवस थांबणारा टिकणार कसा?

पुढच्या मोसमासाठी काजूच्या झोनांचे, म्हणजे ठरवून दिलेल्या काजूच्या भागांचे, लिलाव होण्याआधी अबकारी खात्याने याचा निर्णय घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक भट्टीवाला, सत्तरी