वजनकाटा आमच्याकडे वळवणाऱ्या एसीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

आमच्या जुन्या हॅचबॅकचा एसी आता दोन्हीकडे सारखा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात याचं मोल काय, हे तुम्हाला सांगायला नको. बिल चुकतं केलं, पण तेवढ्यानं भागलं असं वाटेना, म्हणून हे जाहीर पत्र.

डावीकडच्या जाळीतून गारठा आणि चालकाच्या बाजूनं कोमट वारा, या तक्रारीवर आधीच्या गॅरेजांत एकच उतारा मिळत होता: गॅस मारा. कुणी डबा लावून अंदाजपंचे भरला. कुणी गळती बंद करायचं औषध आत सोडायला निघालं होतं. ते औषध गॅस मोजून पुढे सोडणाऱ्या एक्सपान्शन वॉल्वच्या बारीक छिद्रात जाऊन बसलं की मग खरी बोंब. सगळ्यांत थोर ते, ज्यांनी बोनेटही न उघडता डॅशबोर्ड खोलून हवा गार करणारी कूलिंग कॉइल बदलायचा आकडा सांगितला. एकदा खोललेला डॅशबोर्ड पुढे जन्मभर खुळखुळतो, ते वेगळंच.

तुम्ही आल्या आल्या प्रेशर मोजायच्या गेजला हातच लावला नाहीत. काचा बंद, ब्लोअर फुल, आतलीच हवा फिरती, इंजिन १५०० आरपीएमच्या रेसवर, आणि दोन टोकांच्या जाळ्यांत दोन थर्मामीटर. डावीकडे ९ अंश, उजवीकडे १८. मग हीटरचा पाइप चिमट्यानं दाबून थोडा वेळ थांबलात. उजवीकडचा आकडा हलला नाही. म्हणजे हीटरचं गरम पाणी आत येत नाही, आणि गरम-गार करणाऱ्या झडपेचाही दोष नाही. दोन संशय तिथेच मिटले, एकही स्क्रू न काढता.

उरला गॅसच. पण ‘कमी आहे’ म्हणणं वेगळं आणि किती कमी, का कमी हे शोधणं वेगळं. गॅस कमी पडला की कॉइलच्या तोंडाशीच सगळा द्रव उकळून संपतो, पुढच्या नळ्यांत नुसती वाफ फिरते. त्या भागावरून येणारी हवा ज्या जाळीच्या वाट्याला, ती जाळी गार होणार कशी? आणि बंद गाडीला गेज लावून ‘प्रेशर तर बरोबर आहे’ म्हणणारेही आम्ही पाहिलेत. ४० अंशांच्या उन्हात आर-१३४ए, म्हणजे एसीतला हा गॅस, साधारण १३० पीएसआय प्रेशर दाखवतोच, आत ३०० ग्रॅम असो की ४५०. थोडासा द्रव शिल्लक असेल तोवर तो काटा तापमान सांगतो, माप नाही. माप कळतं ते गॅस बाहेर काढून तोलल्यावरच.

तो काढताना तुम्ही वजनकाट्याचं तोंड आमच्याकडे वळवलंत. बोनेटखालच्या स्टिकरवर ४५० ग्रॅम, निघाला २७०. बोलला काहीच नाहीत, आधी स्टिकरवर बोट ठेवलंत, मग काट्यावर. भरतानाही काटा आमच्याकडेच. बाकी कामाचे पैसे दिले, याचे कसे देणार? गिऱ्हाइकाला यातलं ओ की ठो कळत नाही हे ठाऊक असताना त्याला दाखवून माप करायचं, याला धंद्यातली सक्ती नाही. उरलेलं कापड न मागता परत देणारा शिंपी असतो ना, त्या जातकुळीचं हे काम. अशी माणसं मिरवत नाहीत, म्हणून त्यांचा पत्ता उशिरा लागतो.

गळती सापडली कंडेन्सरच्या, म्हणजे गॅसचा पुन्हा द्रव करणाऱ्या पुढच्या जाळीच्या, सांध्यावर. धूळ चिकटलेला एक तेलकट डाग, रुपयाएवढा. गॅससोबत कंप्रेसरचं तेलही फिरतं, त्यामुळे जिथून गॅस जातो तिथे तेल पाझरतं. इतक्या जणांनी बोनेटखाली डोकं घातलं, हा डाग कुणाला दिसला नव्हता! नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचा फेस लावलात आणि तिथेच बुडबुडे. आतली ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, चपटी, नखानंही दबणार नाही इतकी कडक झालेली. नवी हिरवी, एसीचीच, तेल लावून बसवलीत. गॅस भरायच्या सर्व्हिस वॉल्वची पिन बदललीत. सिस्टीम उघडली की आतला ड्रायर हवेतली ओल शोषून घेतो, म्हणून तोही नवा. आतली हवा पंपानं ओढून व्हॅक्यूम ४५ मिनिटं, आणि पंप बंद करून आणखी २० मिनिटं गेजचा काटा जागेवर राहतो का, याची वाट. समोर गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं असताना ती २० मिनिटं थांबणं सगळ्यांना जमत नाही.

मग ‘थोडा जास्त भरा ना’ ही आमची मागणी तुम्ही हसून उडवलीत. जास्त झाला की हाय साइडचं, म्हणजे कंप्रेसरच्या पुढच्या बाजूचं, प्रेशर चढतं आणि गारवा उलट उतरतो, म्हणून ४५० म्हणजे ४५०. शेवटी डावीकडे ८, उजवीकडे १०.

सर्व्हिस वॉल्वच्या हरवलेल्या टोपीच्या जागी तुमच्या डब्यातली एक बसवलीत, ती बिलात दिसत नाही. तिचे पैसे द्यायचे आहेत. आणि हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा, कंप्रेसरच्या शाफ्ट सीलला तेल मिळत राहतं, असं म्हणाला होता. थंडीत तसंच करू.

आपले ऋणी,
पांढऱ्या हॅचबॅकवाले