राफेल मिराजपेक्षा ‘हळू’ का?

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत लढाऊ विमानांचा तक्ता आला होता. मिराज-२००० समोर मॅक २.२ (म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या २.२ पट), मिग-२१ समोर २.०५, राफेलसमोर १.८, तेजससमोर १.६. आकडे ठीक आहेत. खालची टीप मात्र साफ चुकीची: ‘नव्या विमानांची इंजिने वेगात कमी पडतात.’ तेव्हापासून इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दत्तमंदिरात भेटेल तो मला विचारतो, ‘काका, एवढे पैसे मोजून हळू विमान का घेतलं?’

मी वायुसेनेत फिटर होतो, इथल्याच महाराजपूरच्या हवाई तळावर मिराजवर काम केलं. वेग अडतो तो इंजिनाच्या जोरापाशी नव्हे, तापमानापाशी.

मिराजच्या दोन्ही कुशींना हवा घेणारी तोंडं आहेत, प्रत्येकात एक अर्धा शंकू. हँगरमध्ये तपासणी चालू असताना समोर उभं राहिलं की तो संथपणे पुढे सरकताना दिसायचा. हे सगळं कशासाठी, तर इंजिनात शिरणारी हवा दाबणाऱ्या पात्यांना, म्हणजे कॉम्प्रेसरला, ध्वनीपेक्षा वेगवान हवा चालत नाही. शंकूच्या टोकाशी शॉकवेव्ह, म्हणजे दाबलेल्या हवेची भिंतच, उभी राहते, ती ओलांडताना हवा मंदावते. आणि मंदावलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचं तोंड दाबून दट्ट्या मारला की पंप तापतो, तशीच. अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५६ अंश असतात, पण मॅक २ ला इंजिनाच्या तोंडाशी ११७ अंश होतात आणि मॅक ३ ला ३३० च्या वर. हीच हवा कॉम्प्रेसर आणखी दाबतो, आणखी तापवतो. मागे जळत्या वायूच्या झोतात फिरणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांची सहनशक्ती ठरलेली, त्यामुळे इंधन जाळून तापमान वाढवायला जागाच उरत नाही. जोर तिथेच आटतो.

बाहेरच्या पत्र्याचंही तेच. ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या काँकॉर्ड या प्रवासी विमानाच्या नाकाची मर्यादा १२७ अंश होती. ती गाठली की वेग कमी करायचा, मग इंजिनात कितीही दम असो. ॲल्युमिनियम त्यापुढे फार काळ टिकत नाही. म्हणून मिग-२५ मुख्यतः पोलादाचं केलं (आपल्याकडे ते १९८१ ते २००६ बरेलीला होतं) आणि त्यालाही मॅक २.८३ ची लक्ष्मणरेषा होती. अमेरिकेचं एसआर-७१ हे टेहळणी विमान टायटॅनियमचं, मॅक ३.२ चं. त्याच्या कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ४२७ अंशांच्या वर जायची परवानगी नव्हती. म्हणजे एवढा खर्च करूनही गाडी तापमानापाशीच अडली.

राफेल आणि तेजसला सरकते शंकू नाहीतच. वजन वाचतं, बिघडणारा एक भाग कमी होतो, आणि मॅक १.८ पर्यंत साधं स्थिर तोंड पुरतं. हा हिशेब जाणूनबुजून केलेला आहे, आणि माझ्या मते शहाणपणाचा. क्षेपणास्त्रं आणि जादा टाक्या लटकवून मिराजही २.२ गाठत नाही. तो आकडा रिकाम्या पंखांचा आहे.

तक्ता पुन्हा छापणार असाल तर कमाल वेगाशेजारी एक रकाना वाढवा: त्या वेगात विमान किती मिनिटं राहू शकतं. आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या झोतात जादा इंधन जाळणारा भाग) पूर्ण उघडला की टाक्या किती भराभर रिकाम्या होतात, ते वाचकांनाही दिसेल.

आपला,
एक निवृत्त वायुसैनिक
लष्कर, ग्वाल्हेर