पुठ्ठ्याच्या सह्याद्रीला गुण किती?

महोदय,
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार अध्यापकांच्या मूल्यमापनात विज्ञान शाखेतील एका शोधनिबंधाला ८ गुण मिळतात, तर नावीन्यपूर्ण अध्यापनपद्धती विकसित करण्याला ५. आमच्या भूगोलाच्या प्राध्यापकांनी पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून सह्याद्रीचा कडा उभा केला आणि प्रत्येक थराची कड म्हणजे एक समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा), हे बोट फिरवून दाखवले, तेव्हा वर्षभर न उमगलेला नकाशा आम्हाला दहा मिनिटांत कळला (पुठ्ठा अर्थातच स्वखर्चाचा). राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार २०२३पासून उच्च शिक्षणातील अध्यापकांनाही दिला जातो, हे उत्तमच. परंतु तो मोजक्यांच्याच वाट्याला येणार. पदोन्नतीच्या वेळी समितीने केवळ फाइल न चाळता अशा अध्यापकांचा एखादा तास मागच्या बाकावर बसून पाहावा.

– एक माजी विद्यार्थी, पुणे