सर, तुम्ही तिचं चुकीचं उत्तर पुसलं नाही

सर, नमस्कार.

तोंडानं बोलायला गेलो की गळा दाटतो, म्हणून हे चारचौघांसमोर लिहून टाकतो. दारव्हा तालुक्यातला कापूस-तुरीचा शेतकरी मी, सातवीतल्या पोरीचा बाप.

आधीच्या शाळेत पोरगी मागच्या बाकावर असायची. उत्तर चुकलं की लाल फुली, वर ‘ढ’. ट्यूशनवाल्यांनी तर सांगितलं, "गणित हिच्या डोक्यात नाही, पैसे कशाला वाया घालवता?" पोरांना मानसिक त्रास द्यायचा नाही, हे शिक्षण हक्काच्या कायद्यात २००९ पासून लिहिलेलं आहे म्हणे. ‘ढ’ म्हटल्यानं त्रास होतो, हे त्यांना ठाऊक नसावं!

तुम्ही मुलांना सारख्या लांबीचे तुराट्यांचे २४ तुकडे दिले आणि त्यांचं कुंपण करून जास्तीत जास्त जागा घ्यायला सांगितलं. आमची म्हणाली, "काड्या तेवढ्याच, मंग जागाबी तेवढीच." बाकीची पोट्टी हसली. तुम्ही हसला नाहीत. ते वाक्य तिच्या नावासकट फळ्यावर लिहिलंत आणि विचारलंत, "तुले काहून असं वाटलं?" मग वर्गाला म्हणालात, पाहू खरं निघते का.

तुम्हाला ती साधी गोष्ट वाटली असेल. घरी आल्यावर पोरगी गणिताचं काहीच बोलली नाही. "माझं नाव फळ्यावर हाय," एवढंच सांगत राहिली.

ज्याला पाढे येत नाहीत त्यानं वहीतल्या चौकटी मोजल्या. ज्याला सूत्र पाठ होतं त्याला तुम्ही कारण विचारलंत, तर तो गडबडला. ११ बाय १ मध्ये ११ चौकटी, ८ बाय ४ मध्ये ३२, ६ बाय ६ मध्ये ३६. पोरीचं म्हणणं खोटं ठरलं आणि ते तिनंच पुढं येऊन सांगितलं. वर विचारलं, "सर, आमच्या गोठ्याले एका बाजूनं भिंत हाय, तिथं काड्या कायले लावायच्या?"

त्या संध्याकाळी पोरीनं अंगणात तुराट्या पसरल्या. एका बाजूला भिंत धरली, २४ काड्या उरलेल्या तीनच बाजूंना. ५ बाय १४ म्हणजे ७०, ७ बाय १० म्हणजेही ७०, आणि ६ बाय १२ म्हणजे ७२. मी आपला कंदील धरून बसलो होतो, लाइट गेलेली. तिची आई भाकरी टाकता टाकता ओरडत होती, चुलीचं सरपण सांडलं म्हणून.

सर, तालुक्याच्या कुठल्याही खिडकीवर आमचं वाक्य कोणी पुरं होऊ देत नाही. समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायला पैसा लागत नाही, तरी लोक त्यात कंजुषी करतात. तुम्ही बारा वर्षांच्या पोरीचं ऐकलंत, तेही चुकीचं.

तुमच्या बदलीची चर्चा कानावर आहे. खोटी निघो. आणि हो, दोन भिंतींचा कोपरा धरला तर २४ काड्यांत किती जागा घेता येते, तेही तिनं काढलंय. सरांनी आधी स्वतः करून पाहावं म्हणते, तोवर उत्तर सांगणार नाही.